ताप नसलेला फ्लू

१

द्वारकाबाई करंदीकर न्हाणीघराच्या उंबऱ्यात पडलेल्या सापडल्या, त्या सकाळी जवाहर नगरात समोरचं घर दिसू नये इतकं धुकं होतं.

सून मयूरी चहा घेऊन त्यांच्या खोलीत गेली, तर सासूबाई ओल्या केसांनी जमिनीवर आडव्या. हाक मारली तर घशातून नुसता हुंकार. मयूरीची किंकाळी ऐकून निनाद धावत आला. शेजाऱ्यांनी गाडी काढली आणि सगळे मिळून त्यांना सरकारी रुग्णालयात घेऊन गेले.

त्या हिवाळ्यात जयपुरात फ्लूची साथ होती. कोविडनं एकदा होरपळलेली माणसं 'महामारी' हा शब्द छापलेला दिसला की अजून दचकायची, आणि वर्तमानपत्रं तो शब्द रोज छापत होती. त्यामुळे बेशुद्ध बाई दाखल होताच तिला थेट फ्लूच्या वॉर्डात नेलं गेलं. घशातला नमुना घेतला, नाकाला ऑक्सिजन लावला. संध्याकाळी द्वारकाबाई उठून बसल्या आणि त्यांनी साबुदाण्याची खिचडी मागितली.

जीवात जीव आला म्हणेपर्यंत दुसऱ्या दिवशीचा पेपर पडला. पहिल्याच पानावर ठळक मथळा होता: 'जवाहर नगर में फ्लू की दस्तक'. खाली लिहिलं होतं, की घरी येणाऱ्या एका रेल्वे कर्मचारी नातेवाइकामुळे संसर्ग झाल्याचा संशय आहे.

नाव नव्हतं, पण नावाची गरजही नव्हती. मयूरीचे वडील बळवंत तायडे रेल्वेत गार्ड होते, अकोल्याहून बदलून आलेले, आणि दर रविवारी गणवेशातच लेकीला भेटायला येत. करंदीकरांच्या घरात तायड्यांची लेक आली, हे ज्यांच्या आधीच पचनी पडलं नव्हतं त्यांना आता छापील कारण मिळालं. दूधवाला पिशवी फाटकाला अडकवून पळाला. काल गाडी काढणाऱ्या शेजाऱ्यांनी आज गाडी धुवायला घेतली, आतूनबाहेरून, दोनदा.

आणि त्याच सकाळी निनादला भोवळ आली. डोकं ठणकत होतं, पोटात ढवळत होतं. पेपरात सांगितल्याप्रमाणे त्यानं स्वतःला वेगळं करून घेतलं. स्वतंत्र न्हाणीघर असलेली एकच खोली घरात होती, त्याच्या आईची. तो आत गेला आणि दार लावण्याआधी म्हणाला,

"मयूरी, बाबांना सांग, इकडे येऊ नका. हे त्यांनीच आणलंय."

२

दुसऱ्या दिवशी मयूरीनं रत्नप्रभाकाकूंना फोन केला तो सल्ल्यासाठी नव्हे. कुणापुढे तरी रडायचं होतं म्हणून.

करंदीकरांच्या जुन्या स्नेही रत्नप्रभाकाकू तिलक नगरात एकट्या राहत. निनाद आज ज्या विमा कंपनीत अधिकारी होता, तिथेच त्यांनी उभा जन्म मृत्युदाव्यांची चौकशी करण्यात घालवला होता. माणूस कसा गेला, तिथं कोण होतं, आधी कोण बोललं, हे विचारत त्या राजस्थानभर हिंडल्या होत्या. जिभेवर मात्र साताऱ्याची मराठी जशीच्या तशी होती.

तासाभरात त्या रिक्षातून उतरल्या. फाटकापाशी दोन खिडक्यांचे पडदे हलले. काकूंनी तोंडावरचा मास्क नीट केला आणि पडद्यांकडे बघून मोठ्यानं "नमस्कार जी!" म्हटलं. पडदे थांबले.

"रड आधी," स्वयंपाकघरात बसून त्या मयूरीला म्हणाल्या. "मग सांग."

मयूरी रडली. मग तिनं सांगितलं.

"म्हणजे फ्लू आणणारे तीन जण असू शकतात," काकू म्हणाल्या. "तुझे वडील, डब्याडब्यातून हिंडणारे. तू, मुरलीपुऱ्याच्या शाळेत शिकवतेस, तिथली मुलं शिंकतात. आणि तिसरं कोण आलं होतं घरात?"

मयूरी विचारात पडली. "अनिमेष आला होता रविवारी. आईंच्या बहिणीचा मुलगा."

"पेपरवाला?"

"हो. फ्लूच्या वॉर्डातूनच आला होता. बातमीसाठी गेला होता तिकडे."

"आणि पेपरात संशय कुणावर? गार्डावर!" काकूंच्या भुवया वर गेल्या. "बरं. तुला काय होतंय?"

"काहीच नाही."

"आईंना उचललंस, निनादचं ताट देतेस, आणि तुला शिंकसुद्धा नाही?"

हेच कालपासून मयूरीला खात होतं. शेजारच्या बायका बोलतही होत्या, की हिला काही होत नाही म्हणजे हीच घेऊन फिरतेय.

काकूंनी बंद दारापाशी खुर्ची ओढली आणि आतल्या निनादला हाक मारली. "ताप किती आहे रे?"

"ताप नाही, काकू. डोकं फुटतंय."

"खोकला? घसा?"

"नाही. पायात जीव नाही. काल दुपारी जरा बरं वाटलं, सकाळी पुन्हा तेच. आज तर आंघोळीनंतर उभंच राहवेना. संध्याकाळी पुन्हा गरम पाण्यानं अंग शेकेन म्हणतो."

काकूंनी मयूरीकडे वळून अगदी हलक्या आवाजात विचारलं,

"या घरात सकाळचा चहा कोण करतं?"

विषाचा संशय आल्यावर ज्या आवाजात विचारतात तोच हा आवाज होता.

"मी," ती म्हणाली.

"आणि तू तोच चहा पितेस?"

"एकाच पातेल्यातला."

"मग चहा सुटला," काकू म्हणाल्या आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. "घाबरू नकोस. एकेक दार बंद करत गेलं की उरलेलं उघडतं. तू आंघोळ कुठं करतेस?"

प्रश्न इतका भलताच होता की मयूरीला हसू आलं. "मागच्या मोरीत. सकाळची शाळा असते, म्हणून बादलीत रॉड घालून पाणी तापवते. आईंच्या न्हाणीघरात गॅसचा गीझर आहे, ते दोघं तिकडे करतात."

मान डोलावून काकू म्हणाल्या, "आता मला तुझे बाबा हवेत."

३

बळवंत तायडे फाटकाच्या आत यायला तयार होईनात. संत्र्यांची पिशवी त्यांनी फाटकावरून मयूरीच्या हातात दिली आणि ते रस्त्यावरच उभे राहिले.

"पोरी, मी आत आलो तं लोक तुलेच बोलतीन," ते म्हणाले. मग फाटकाच्या आत खुर्ची टाकून बसलेल्या काकूंकडे वळले. "बाई, मले वाटते माह्याच हातून झालं. रविवारी मी विहीणबाईच्या खोलीत बसलो होतो. त्या लोकरीचे कपडे भिजवत होत्या, गरम पाणी सुरूच होतं. बसल्या बसल्या डोकं असं दुखाले लागलं, की बोलता सोय नाही. मंग मी उठून गेलो. डोकं दुखत असताना मी तिथं बसाले नको होतं."

"म्हणजे डोकं तिथं बसल्यावर दुखायला लागलं? आधी नव्हतं?"

"आधी तं मी चांगला होतो."

"आणि राहिलं कधी?"

बळवंत आठवू लागले. "स्टेशनावर पोचलो तवा काहीच नव्हतं. ड्यूटी केली ना मी रात्रभर."

"तुमच्या गाडीवर कुणी आजारी?"

"कोणीच नाही."

काकूंनी बोलावलेला अनिमेष मोटारसायकलवरून आला तोच मान खाली घालून. जयपुरातच वाढलेला हा मुलगा मराठी बोलायचा, पण दर वाक्यात एकदा तरी अडखळायचा.

"काकू, मी रेलवेचं नाव नव्हतं द्यायला पाहिजे. डेस्कवर विचारलं, सोर्स कोण? मी म्हटलं, घरात एक काका येतात, ट्रेनवर असतात. मतलब, मी फक्त म्हटलं. त्यांनी छापून टाकलं."

"आणि वॉर्डातून तू आला होतास, ते नाही सांगितलंस?"

अनिमेषचा चेहरा उतरला. "त्या दिवशी माझं पण डोकं दुखलं होतं, काकू. मावशीच्याच खोलीत. वाटलं, गया काम से. घरी आईला सांगायची हिंमत नाही झाली. पण बाइकवर हवा लागली आणि…"

"आणि राहिलं."

"हो. तुम्हाला कसं माहीत?"

"कारण बळवंतरावांचं स्टेशनावर राहिलं," काकू म्हणाल्या. "घशाला न लागणारा, ताप न आणणारा, मोकळ्या हवेत उतरणारा फ्लू. असा फ्लू मी माझ्या नोकरीत ऐकला नाही, अनिमेष. तू वॉर्डात जाऊन आलास, तू ऐकलायस?"

अनिमेषनं नकारार्थी मान हलवली.

"याआधी फ्लूवर काय लिहिलं होतंस? द्वारकाबाईंनी वाचलं असेल असं."

"शनिवारी मोठं फीचर होतं. मावशी माझं सगळं वाचते." तो जरा उत्साहानं सांगू लागला. "डॉक्टरांना विचारून लिहिलं होतं. गर्दी टाळा, हात धुवा, घरात हवा खेळती ठेवा. फक्त हेडिंग डेस्कनं दिलं."

"काय दिलं?"

"'हवा में मौत'."

तेवढ्यात मयूरीचा फोन वाजला. रुग्णालयातून डॉक्टर सोनल बोलत होत्या. द्वारकाबाईंच्या नमुन्यात फ्लू सापडलेला नव्हता.

"तरी पुन्हा तपासू," त्या म्हणाल्या. "कधी कधी पहिल्या वेळी चुकतं. पण त्यांच्याकडे बघून मला फ्लू वाटत नाही. ऑक्सिजन लावल्याबरोबर सुधारल्या त्या."

मयूरीनं हे शब्द जसेच्या तसे सांगितले. रत्नप्रभाकाकू खुर्चीवरून उठल्या त्या वयाला न शोभणाऱ्या वेगानं.

"आईंच्या न्हाणीघराचा झरोका कुठं उघडतो?"

"मागच्या बोळात. का, काकू?"

"निनाद संध्याकाळी आंघोळ करणार म्हणाला होता," काकू म्हणाल्या. "संध्याकाळ झाली."

४

बोळात अंधारून आलं होतं. न्हाणीघरातला दिवा लागलेला होता आणि झरोक्याच्या तिरप्या काचांतून पिवळा उजेड येत होता. पण तो लख्ख नव्हता. काचांना आतून कागद डकवलेला होता, आणि दिव्यामुळे त्यावरची अक्षरं मागून उजळली होती. काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये मोठ्या टायपातली अक्षरं सरळ वाचता येत होती.

'हवा में मौत'.

"देवा!" अनिमेष म्हणाला.

मयूरीला एकदम आठवलं. शनिवारी सासूबाईंनी वाटीभर कणकेची खळ शिजवली होती. कशाला म्हणून तिनं विचारलंही नव्हतं.

आतून पाण्याचा आवाज येत होता. गीझरची भरभर ऐकू येत होती. माणसाचा आवाज येत नव्हता.

"निनाद!" मयूरी ओरडली. "निनाद, दार उघड!"

"सिलिंडर बंद करा!" काकू ओरडल्या.

भिंतीला लागून ठेवलेल्या गीझरच्या सिलिंडरकडे बळवंत आधीच झेपावले होते. फाटकाबाहेर उभा राहिलेला माणूस बोळात कधी आला, हे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. त्यांनी सिलिंडरची चावी पिळली, पायाखालची वीट उचलली आणि काचांवर हाणली. काचा फुटल्या, कागद फाटला, आणि आतून दमट, कोंडलेली वाफ बाहेर लोटली.

"तोंड बाजूला करा!" काकूंनी बजावलं.

बळवंत घरातून वळसा घेऊन धावले. खोलीच्या दाराची कडी त्यांनी खांद्यानं उखडली. न्हाणीघराचं दार त्याहून लेचंपेचं होतं. निनाद नळाशी भिंतीला टेकून बसला होता, मान छातीवर. गालांवर एक तजेलदार लाली होती आणि श्वास मोजून घ्यावा इतका संथ.

"जावईबापू!" बळवंतांनी टॉवेलात गुंडाळून त्याला उचललं आणि थेट अंगणात आणून तुळशीपाशी उघड्यावर ठेवलं. मयूरी त्याचे हात चोळत राहिली. अनिमेष रुग्णवाहिकेला पत्ता सांगत होता आणि सांगता सांगता रडत होता.

थंड वारा सुटला होता. बऱ्याच वेळानं निनादनं एक खोल श्वास ओढला. मग दुसरा.

शेजारचं दार उघडलं. काल गाडी धुणारा माणूस किल्ली घेऊन बाहेर आला. "एंबुलेंस की राह मत देखो जी," तो म्हणाला. "मेरी गाड़ी में डालो."

५

"आपण सगळे विचारत होतो, की आणलं कुणी," रत्नप्रभाकाकू म्हणाल्या. "आणि कुणीच काही आणलं नव्हतं. जे बाहेर जायला हवं होतं, ते आत अडकलं होतं."

वॉर्डाबाहेरच्या बाकावर सगळे बसले होते. आत मायलेक शेजारशेजारच्या खाटांवर होते, दोघांच्याही नाकाला ऑक्सिजन होता. निनादचं रक्त तपासून डॉक्टर सोनल नुकत्याच बाहेर आल्या होत्या. कार्बन मोनॉक्साइड. न वास, न रंग. बंद जागेत गॅस अर्धवट जळला की तयार होतो आणि रक्तातली प्राणवायूची जागा बळकावून बसतो.

"पण गीझर तर केव्हापासूनचा आहे," मयूरी म्हणाली.

"झरोकाही होता ना. वाईट वायू त्यातून निघून जायचा. शनिवारी झरोका बंद झाला. रविवारी लोकरीच्या कपड्यांसाठी गीझर चालत राहिला आणि खोलीत बसलेल्या दोघांची डोकी दुखली. दोघं मोकळ्या हवेत गेले, दोघं बरे झाले. सोमवारी सकाळी द्वारकाबाई न्हायला बसल्या आणि पडल्या. इथं ऑक्सिजन मिळाला, उठल्या. निनादही तिथंच न्हायला, त्याला भोवळ आली, मग त्यानं स्वतःला वेगळं ठेवलं, नेमकं त्याच खोलीत. तू मागच्या मोरीत न्हायचीस, म्हणून तुला काही झालं नाही. शाळेतली मुलं शिंकणारच, थंडी आहे."

अनिमेष हातांत डोकं धरून बसला होता. "मी आत लिहिलं होतं, काकू. हवा खेळती ठेवा. साफ लिहिलं होतं."

"लिहिलं होतंस. पण मावशीला हिंदी सावकाश वाचावी लागते. तिनं मोठं अक्षर वाचलं आणि पोराबाळांना हवेपासून वाचवायला खळ शिजवली. तिचं तरी काय चुकलं? भ्यायलेला माणूस बारीक टाईप वाचत नाही रे."

डॉक्टर सोनल भिंतीला टेकून ऐकत होत्या. दिवसभर उभं राहून त्यांचे डोळे तांबारले होते. "एक सांगू? हा वॉर्ड खऱ्या फ्लूनंच भरलाय. आत एक गरोदर मुलगी आहे, तिची मला रात्रंदिवस काळजी वाटते. तेव्हा उद्या 'फ्लू झूठ आहे' असंही छापू नका. साथ खरी आहे. पण प्रत्येक दुखरं डोकं साथीचं नाही. आम्हीसुद्धा या बाईंना बघताना पेपरच डोक्यात ठेवून बघितलं."

अनिमेषनं डोळे पुसले. "मग काय छापू, मॅडम?"

"जे झालं ते. आणि जिथं पहिली बातमी होती तिथंच. आतल्या पानावर नाही."

आतून निनादनं हाक मारली. त्याला सासरे हवे होते. बळवंत दारात जाऊन उभे राहिले, पायाची बोटं उंबऱ्याच्या अलीकडे. निनादनं नाकावरची नळी सारून काही बोलायचा प्रयत्न केला.

"राहू द्या, बापू," बळवंत म्हणाले. "आधी श्वास घ्या."

निनादनं हात पुढे केला आणि तो धरायला बळवंतांना उंबरा ओलांडावाच लागला. मयूरीनं तोंड फिरवून खिडकीबाहेर बघितलं. तिला नवऱ्याचा राग आला होता, अजूनही होता. पण राग धरायला तो माणूस जिवंत होता, आणि त्याबद्दल कुणाकुणाचे पाय धरावेत हे तिला समजेना.

६

बातमी पहिल्या पानावर आणायला अनिमेषला संपादकांशी भांडावं लागलं. "फ्लू नाही निघाला, यात काय बातमी आहे?" असं ते म्हणाले होते. अनिमेषनं राजीनाम्याची गोष्ट काढली नाही की आवाज चढवला नाही. फक्त मावशीच्या न्हाणीघरातला तो फाटका कागद टेबलावर ठेवला. मथळा त्यानं स्वतः दिला, साधा, झरोक्याचं नाव घेणारा: 'जवाहर नगर में फ्लू नहीं था, बंद रोशनदान था'. खाली, मथळ्याइतक्याच ठळक अक्षरांत, लक्षणं. आणि एक ओळ: रेल्वे कर्मचाऱ्याचा या आजाराशी संबंध नव्हता, त्यांनीच रुग्णाचा जीव वाचवला.

मायलेक घरी आले त्या रविवारी करंदीकरांच्या ओसरीवर माणसं मावेनात. दूधवाला पिशवी हातात देऊन घुटमळत उभा राहिला. गीझर काढून टाकला होता, भिंतीवर त्याची चौकट तेवढी दिसत होती. द्वारकाबाई शाल पांघरून ऊन खात होत्या आणि येईल त्याला म्हणत होत्या, "माझ्याच हातांनी कोंडून घेतलं मी. पण बघा, माणसं कशी भेटली मला."

तेवढ्यात फाटकाशी एक स्कूटर थांबली. एक अनोळखी माणूस, मागे बायको, मध्ये टोपडं घातलेली लहान मुलगी. माणसाच्या हातात तिळगुळाच्या गजकचा डबा होता.

"वो अख़बार में जो घर था, यही है?" त्यानं विचारलं.

सगळ्यांच्या माना फाटकाकडे वळल्या.

तो मुरलीपुऱ्याहून आला होता. नाव पवन, घरामागे लेथचं छोटं वर्कशॉप. त्याच्या मुलीला चार दिवस उलट्या होत होत्या, डोकं दुखत होतं. फ्लू समजून त्यांनी तिला बंद खोलीत ठेवलं होतं, शेकायला कोळशाची शेगडी पेटवून. बायकोनं सकाळी पेपरातला मथळा वाचला, खालची लक्षणं वाचली आणि मुलीला उचलून अंगणात आणलं.

"डॉक्टर बोले, एक रात और होती तो…" पवननं मुलीच्या टोपड्यावर हात ठेवला. "किसको धन्यवाद दें, ये पूछने आए हैं जी."

अनिमेषनं काकूंकडे बोट दाखवलं. काकूंनी अनिमेषकडे. मग दोघंही, का कोण जाणे, बळवंतांकडे बघू लागले. बळवंत नेहमीसारखे फाटकाजवळच्या खुर्चीवर अवघडून बसले होते.

द्वारकाबाई शाल सावरत उठल्या. त्यांनी डबा उघडला, एक मोठी वडी काढली आणि साऱ्या गल्लीदेखत पायऱ्या उतरून फाटकापर्यंत चालत गेल्या.

"आधी आमच्या व्याह्यांना," त्या म्हणाल्या. "आणि बळवंतराव, तिथं दाराशी नका बसू. आत या, पाटावर बसा. आज जेवूनच जायचं."

बळवंत उठले. वडी हातात तशीच धरून ते पायऱ्या चढले, आणि पवनच्या मुलीनं त्यांच्या गणवेशाची पितळी बटणं पकडायला दोन्ही हात पुढे केले. त्यांनी तिला उचलून घेतलं. मयूरी आत पळाली. पानं वाढायची होती, माणसं पुष्कळ होती.